कंडक्टरभाऊंची डबल बेल

माझ्या फोनमध्ये एक नंबर असा आहे, की त्यावरून आलेला फोन मी चार वर्षांत फक्त एकदा उचलला. तोही पहिल्याच आठवड्यात, चुकून. पलीकडून कोणी बोललं नाही. फोन कापला गेला आणि संध्याकाळी अंगणात माझी हजेरी घेतली गेली.

"मॅडम, बेलचा दोर तुमीच धरून ठेवला तर गाडी कशी चालन?"

हे माझे घरमालक. चिमूर तालुक्यात जंगलाला खेटून असलेल्या एका गावात राहणारे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा नागपुरात नोकरीला. सारा गाव त्यांना कंडक्टरभाऊ म्हणायचा आणि काही दिवसांनी मीही म्हणू लागले. मी सांगलीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा नकाशात गाव शोधायला मला अर्धा तास लागला होता. भाऊंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते आणि मागच्या खोलीत मी. दोघंही एकटे आणि मध्ये एक मातीची भिंत.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं लग्न, जात, जेवणखाण, काही म्हणजे काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मोबाइलले घंटी हाय ना? थरथर नाई पायजे. घंटी पायजे." मी वाजवून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि खोली मला मिळाली.

घंटीचं प्रकरण असं होतं. एसटीत कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की निघते. सिंगल बेल आणि डबल बेल. या दोन घंट्यांवर भाऊंनी तीस वर्षं संसार केला होता आणि निवृत्तीनंतर तेच शास्त्र त्यांनी मोबाइलला लावलं. रोज सकाळी सात वाजता ते पाच जणांना मिस्ड कॉल द्यायचे. पहिल्या फेरीत पाचही जणांना एकेक, मग दुसऱ्या फेरीत पुन्हा एकेक. दोन वाजले की समजायचं, गाडी चालू आहे, भाऊ ठणठणीत आहेत. एकच वाजून थांबला तर गाडी थांबली, काहीतरी बिघडलं, धावत या.

या लाइनवरचे पाच जण म्हणजे नागपूरचा मुलगा, तलावाकाठच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातली एक काकी, जंगलाकडच्या गोंड टोलीवरचा एक म्हातारा दादा, वनखात्याचा बीटगार्ड आणि मी. काकी आणि दादा हेही एकटेच राहणारे, त्यामुळे त्यांनी उलट डबल बेल द्यायची असा नियम होता. मी भिंतीपलीकडे राहते, मला कशाला बेल, असं मी एकदा विचारून पाहिलं. "भिंतीतून माणूस दिसते का?" भाऊ म्हणाले.

बोलायचं मात्र नाही. फोनवर बोलणं त्यांना मान्यच नव्हतं. "बोलायसाठी तोंड हाय ना. फोन बेलसाठी हाय." मुलाचा फोन आला तरी ते लाल बटण दाबायचे आणि लगेच त्याला दोन मिस्ड कॉल देऊन मोकळे व्हायचे. बिचारा मुलगा शेवटी मला फोन करायचा. "मॅडम, बाबा बोलत काऊन नाई हो? रागावले का माह्यावर?" मी भाऊंना तसं विचारलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "गाडी चालून राह्यली असली का ड्रायव्हरसंग बोलायचं नसते. तो त्याची गाडी चालवून राह्यला तिथी. मांगून बडबड काऊन करावं?"

मी हे मुलाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

भाऊंच्या अंगातून एसटी कधी उतरलीच नाही. घरात चालतानाही त्यांचा एक हात वर, आढ्याला धरलेला. पाहुणे आले की "पुढे सरका, पुढे जागा हाय" असं म्हणत ओसरीवर कोंबायचे. कोणी निघालं की "सामान पाहून घ्या" हे ठरलेलं, मग तो माणूस रिकाम्या हातांनी का आलेला असेना. गावात वनखात्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर वाघाची खबर यायची. ती वाचून भाऊ वेशीवर उभे राहून घोषणा करायचे, "वाघ आज तलावाच्या थांब्यावर उतरला! मोह वेचाले जानारे दुपारपर्यंत चढू नका!" बाया हसायच्या, पण टोपल्या घेऊन परत फिरायच्या. मला पहिल्या वर्षी वाघापेक्षा ही घोषणा ऐकूनच जास्त धडकी भरायची. आईला मी सांगितलं होतं, की मी दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर क्वार्टरमध्ये राहते आणि इथे जंगल वगैरे लांब आहे. ती दुसरी शिक्षिका मी इतकी रंगवली होती, की आईने तिच्यासाठी दिवाळीचा फराळ वेगळा बांधून पाठवला. तो भाऊंनी खाल्ला.

मुलाने एकदा घरात कॅमेरा बसवून दिला. नागपुरात बसून वडील दिसावेत, एवढीच त्याची इच्छा. भाऊंनी कॅमेऱ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "चेकिंग हाय हे," ते मला हळूच म्हणाले. तीस वर्षांत तिकीट तपासणारे अचानक गाडीत चढायचे, त्या सवयीने ते कॅमेऱ्यापुढे उभे राहू लागले. खाकी शर्ट घालून. जेवायला बसण्याआधी ताट दाखवायचे. गोळी घेतली की रिकामं पाकीट दाखवायचे, मग जीभ काढून दाखवायचे. नेटवर्क आमच्याकडे मनात आलं तर येतं. एक दिवस नेमकी जीभ बाहेर असताना ते गेलं आणि नागपुरात पडद्यावर वडील तासभर तसेच उभे. मुलाचं धाबं दणाणलं. त्यानंतर कॅमेरा काढला गेला. त्याच्या खिळ्याला भाऊंनी कंदील टांगला.

नेटवर्क धरायचं तर अंगणातल्या विहिरीच्या ओट्यावर चढावं लागे. सकाळी सातला भाऊ ओट्यावर उभे, एक हात आकाशात, असं दृश्य रोज दिसायचं. मी म्हणायचे, पडाल. ते म्हणायचे, "टपावर चढून सामान बांधत होतो मी, सांगू नका मले."

पण खरा गोंधळ झाला तो मोहफुलांच्या दिवसांत, सकाळची शाळा होती तेव्हा. मी वर्गात फळ्यावर लिहीत होते. सातला फोन वाजला, एकदा. मी दुसऱ्या घंटीची वाट पाहत खडू हातात धरून उभी राहिले. दहा मिनिटं गेली तरी दुसरी वाजेना. परत फोन लावला तर लागेना. मी वर्ग शेजारच्या सरांच्या हवाली करून पळत सुटले. घरापाशी पोचते तो काकी ओल्या लुगड्यानिशी आलेली, दादा कुऱ्हाड घेऊन आलेला, बीटगार्ड मोटारसायकलवरून उतरत असलेला. घर उघडं आणि भाऊ नाहीत. चहाचं भांडं चुलीवर.

"नेला," काकी म्हणाली आणि खालीच बसली.

मग काय विचारता. डबे, थाळ्या, फटाके, जे मिळेल ते घेऊन अर्धा गाव जंगलाच्या कडेला निघाला. मी थाळी बडवत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. पाऊण तास आम्ही झुडपं धुंडाळली. तेवढ्यात बीटगार्डने सहज मागे पाहिलं आणि तो ओरडला. सगळ्यांच्या मागून, खांद्यावर ओला टॉवेल टाकून, हातात एक काठी घेऊन कंडक्टरभाऊ चालत होते. स्वतःलाच शोधत होते.

पहिली फेरी झाल्यावर नेटवर्क गेलं होतं. आता येईल, मग येईल म्हणत ते तलावावर आंघोळीला गेले. परत येताना मोर्चा दिसला म्हणून त्यात सामील झाले.

"अरे, मंग सांगतलं काऊन नाई!" दादाने कुऱ्हाड जमिनीवर आपटली.

"मलेच शोधून राह्यले हे मले मधात कळलं," भाऊ ओशाळून म्हणाले. "पन येवढी भरलेली गाडी मधातच कशी थांबवावं? म्हनलं, पुढच्या थांब्यावर सांगू."

काकीने त्यांना जे ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही. आम्ही सगळे हसलो, फार हसलो. हसला नाही तो दुपारी नागपूरहून धापा टाकत पोचलेला मुलगा. त्यालाही एकच घंटी गेली होती आणि पुढचे चार तास गावातला कोणाचाच फोन लागत नव्हता. तो आला तेव्हा भाऊ भाताची थाळी घेऊन बसले होते. मुलगा दारातच उभा राहिला. त्याच्या तोंडावर धुळीतून पाण्याचे ओघळ उमटले होते.

"बाबा, आता एक सिंगल बेल जरी आली ना, तर मी गाडी घेऊन येईन आन् तुमाले नेईन. कायमचं. मंग इथी राहाचं नाव काढायचं नाई."

भाऊंनी मान डोलावली. त्यांना घर सोडायचं नव्हतं. इतर सगळ्या गोष्टींवर ते विनोद करत, यावर कधी केला नाही. त्या दिवसापासून त्यांनी नियमात दुरुस्ती केली. दुसरी घंटी अर्धा तास उशिरा आली तरी चालेल, तोवर कोणी जागचं हलायचं नाही. आम्ही पाचही जणांनी ते कबूल केलं. शहाणपणाचं वाटलं तेव्हा.

पुढच्या वर्षी थंडीत प्रशिक्षणासाठी मी चिमूरला दोन दिवस राहिले होते. सोमवारी सकाळच्या गाडीने परत निघाले. गाडीत सातला भाऊंची पहिली घंटी आली. दुसरी यायला पंचवीस मिनिटं लागली. नेटवर्क, मी मनात म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकून खिडकीला डोकं टेकून झोपले. त्या झोपेचं मला आजही वाईट वाटतं.

वाटेत बांबूचा ट्रक आडवा झालेला, त्यामुळे नऊला पोचणारी गाडी पावणेदहाला पोचली. अंगणाचं फाटक ढकललं तर भाऊ विहिरीच्या ओट्याखाली पडलेले. एक पाय विचित्र वळलेला, ओठ पांढरे, फोन छातीवर. मी किंचाळले. त्यांनी डोळे उघडले.

"पंचेचाळीस मिनटं लेट," ते म्हणाले. "कोन ड्रायव्हर होता?"

मी त्यांच्या अंगावर शाल टाकली, अँब्युलन्सला फोन केला, पाणी दिलं. मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "भाऊ, डबल बेल आली होती मला. कधी पडलात?"

"पह्यली फेरी झाली आन् पाय सटकला."

"मग दुसरी?"

ते विहिरीकडे बघत राहिले. "पडल्या पडल्या देली. रेंज नव्हती येत. हात वर करून करून देली. पाचही जनाले."

म्हणजे पहिली घंटी सगळ्यांना गेलेली होतीच. त्यांनी काहीही केलं नसतं, नुसते पडून राहिले असते, तरी अर्धा तास उलटताच चारही बाजूंनी माणसं धावत आली असती. या माणसाने मोडलेल्या खुब्यानिशी, पंचवीस मिनिटं झटून, आपली मदत परत पाठवली होती. आणि मग मी नऊच्या गाडीने येते हे माहीत असल्यामुळे माझी वाट बघत पडून राहिले होते. हाकसुद्धा मारली नव्हती. हाक मारली तर गाव गोळा होणार, गावातलं कोणीतरी पोराला कळवणारच.

मी भाऊंवर तोवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तीस वर्षं नोकरी केली ना? माणूस चाकाखाली असताना कधी डबल बेल मारली होती का?"

त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. मग म्हणाले, "पोट्ट्याले नका सांगजा मॅडम. तुमी मले दवाखान्यात न्या, पट्टी बांधा, मी चूपचाप येतो वापस. नेईन तो मले. तिथी बाल्कनीत बसवून ठेवन."

मला आईची आठवण झाली, त्या नसलेल्या शिक्षिकेची आणि तिच्या फराळाच्या डब्याची. खोटं बोलण्यात मी काही भाऊंच्या मागे नव्हते. त्यामुळे मुलाला परस्पर फोन लावण्याचा मला अधिकार आहे असं वाटेना, आणि गप्प बसण्याचा तर नाहीच नाही. मी फोन त्यांच्या छातीवरून उचलला आणि त्यांच्याच हातात ठेवला. "मी नाही सांगणार. बेल कंडक्टरने मारायची असते."

अँब्युलन्स येईपर्यंत ते फोनकडे बघत होते. स्ट्रेचर आलं, उचललं, दार लागायच्या आत त्यांनी मुलाचा नंबर दाबला. एकदा वाजू दिला. कापला. मी मनात मोजत राहिले. दुसऱ्यांदा त्यांनी दाबला नाही.

मिनिटभरात माझा फोन वाजला आणि मी मुलाला सगळं सांगितलं, पंचवीस मिनिटांसकट.

चंद्रपूरला खुब्यात रॉड घातला आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. घराची किल्ली माझ्याकडे. जाताना सामान घ्यायला गाडी घरापाशी थांबवली तेव्हा तो म्हणाला, "आता हे तिकडेच राह्यतीन. तुमी पायजे तर पुढची खोली पन वापरा." काकी फाटकाशी येऊन उभी राहिली होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि भाऊंना एक शिवीही दिली.

घर भकास झालं. मी पुढच्या खोलीत पाय ठेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. दोनदा. नागपूरहून.

दोन महिने एकही दिवस चुकला नाही. एका सकाळी मात्र डबल बेलनंतर तिसरी घंटी आली, मग चौथी, मग थांबेचनात. काय ते कळेना. शेवटी मुलाचा फोन आला. "मॅडम, काकीची उलट बेल आली नाई म्हने. बाबा सकाळपासून जीव खाऊन राह्यले माह्या. जरा पाहून या ना." मी आणि बीटगार्ड गेलो. काकी तापाने फणफणलेली, जाळ्याच्या ढिगावरच पडलेली, फोन हाताशी पण उचलायची ताकद नाही. हिवताप निघाला. आरोग्य केंद्रात सलाइन लावली आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा शिव्या देण्याइतकी बरी झाली.

त्यानंतरच्या रविवारी मुलगा एक गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर भाऊ, मांडीवर वॉकर. उतरताना ते मला म्हणाले, "सामान पाहून घ्या."

मुलाला मी चहा दिला. तो कप घेऊन ओसरीवर बसला. "दिवसभर एकटे राह्याचे हो ते तिथी," तो म्हणाला. "आमी दोघंबी कामावर जातो. सकाळी सातले तेवढे जिवंत वाटायचे. इथी त्याइले पाहनारे चार जन हायत. माह्या इमारतीत मले समोरच्या दाराचं नाव माहीत नाई." मग तो वडिलांकडे वळला. "पन बेल बंद. बेलवर माहा इश्वास नाई आता. रोज सातले मी फोन करीन आन् तुमी उचलाचा. तुमचा आवाज ऐकाले पायजे मले. नाई उचलला, तर त्याच दिवशी वापस नागपूर."

"काकीले? दादाले?" भाऊंनी विचारलं.

"त्याइले द्या बेल. मले नाई."

भाऊंनी खूप हुज्जत घातली. ड्रायव्हर, गाडी, मागून बडबड, सगळं सांगून झालं. मुलाने ते पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तो एकदम उठून अंगणात गेला आणि विहिरीपाशी पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याची अट तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भाऊ विहिरीजवळ खुर्चीवर बसले होते. ओट्यावर चढायची बंदी होती आणि पहारेकरी मी. फोन वाजला. त्यांचा अंगठा सवयीने लाल बटणाकडे गेला. "भाऊ!" मी ओरडले. तो हिरव्याकडे वळला. त्यांनी फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला. मी पुढे होऊन स्पीकर लावून दिला.

"बाबा?" तिकडून आवाज आला. "काय करून राह्यले?"

भाऊंनी विहिरीकडे पाहिलं, वॉकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काहीच सुचवलं नाही. त्यांनी घसा खाकरला.

"तुह्यासंग बोलून राह्यलो," ते म्हणाले.

त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कोणीच बोललं नाही, आणि फोनही कोणी कापला नाही.